छत्तीस त्रिक एकशे आठ

कर्वेनगर, पुणे
६ जानेवारी २०२५

श्री. हिंमतराव रणपिसे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. गावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात आपलं नाव कळलं. 'कॅमेऱ्याच्या चकत्यांवरचे झिजलेले आकडे पुण्यात एकच माणूस भरतो. येरवड्याला राहतो, फोन उचलत नाही आणि काम लिहून दिल्याशिवाय हात लावत नाही,' अशी आपली कीर्ती ऐकली. मला बरं वाटलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं नसतं.

माझी सून सुरुची हिच्या हाती कॅमेरा पाठवला आहे. जपानी आहे. माझे यजमान कै. अवधूत खांबेटे, गणिताचे शिक्षक, यांनी तो मला १९७२ साली घेऊन दिला. त्याच्या डोक्यावर, फिल्म पुढे सरकवायच्या लिव्हरपाशी, एक छोटी उघडी चकती आहे. किती फोटो काढून झाले ते ती दाखवते, शून्य ते छत्तीस. छत्तीस झाले की नखाने फिरवून परत शून्यावर आणायची. तिच्यावरचे आकडे पार गेलेत. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नवा चष्मा आला, तरी दिसत नाहीत. म्हणजे दोष डोळ्यांचा नाही.

तेवढी एक चकती करून द्यावी. बाकी कॅमेऱ्याला हात लावायचं कारण नाही. उघडायचं तर मुळीच नाही.

घाई आहे. का, ते विचारू नये.

आपली,
आनंदी खांबेटे


येरवडा
१३ जानेवारी २०२५

आनंदीबाई खांबेटे यांना,
सविनय जयभीम.

कॅमेरा मिळाला, तपासला. सगळं लिहून कळवतो, म्हणजे पुढे वाद नको.

मी तेहेतीस वर्षं मीटरच्या कारखान्यात तबकड्यांवर आकडे कोरले. कोरलेल्या आकड्यात रंग भरणं म्हणजे भिंत रंगवणं नव्हे. आधी खाचेतला मळ सुईने काढायचा. मग एनॅमल रंग टूथपिकच्या टोकाने खाचेत सोडायचा. मग जाड कार्डाला सुती कपडा ताणून गुंडाळायचा आणि वर सांडलेला रंग हात एकदाच फिरवून पुसायचा. बोटाने पुसलं की खाचेतलाही रंग निघून येतो. त्यानंतर आठ दिवस वाळवायचं. आठ म्हणजे आठ. घाईवाल्यांसाठी पुण्यात इतर पुष्कळ माणसं आहेत.

आता आपल्या चकतीविषयी. तिच्या खाचांत रंग नव्हता. कुंकू होतं, खोबरेल तेलात कालवलेलं. बाराच्या आकड्यात हळदही सापडली. आजवर मी नेलपॉलिश पाहिलं, पेनाची शाई पाहिली, पण हे पहिल्यांदाच. हे काम ज्या कारागिराने केलं त्याचं नाव-पत्ता कळवावा. मला त्याच्याशी बोलायचं आहे.

चकती इतकी झिजलीय की छत्तीसातला सहा उरलेलाच नाही. तो नव्याने कोरावा लागेल. अशी झीज मी वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावरही पाहिलेली नाही. माझ्या अंदाजाने या कॅमेऱ्याचं बटण वीस लाख वेळा तरी दाबलं गेलंय. आतल्या पडद्याचं, म्हणजे शटरचं, आयुष्य लाखभर. बाई, आपण एवढ्या मोठ्या छायाचित्रकार आणि मला आपलं नावही ठाऊक नाही, हा माझा अडाणीपणा झाला.

एक कोडं मात्र सुटत नाही. वेगाची चकती कोरी करकरीत आहे. भिंगावरची अंतराची कडी कधी फिरलेलीच नाही. म्हणजे सगळे फोटो आपण एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढलेत. एवढी शिस्त हल्ली दिसत नाही. त्यातला एखादा पाहायला मिळाला तर आभारी होईन.

एकच चकती करणार नाही. एक डोळा धुवायचा आणि दुसऱ्यात चिपडं ठेवायची, हे मला जमत नाही. सगळ्या करीन.

हिंमतराव रणपिसे


कर्वेनगर
१६ जानेवारी २०२५

श्री. हिंमतराव यांस,
नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. घ्या आणि गोड बोला. आपल्याला त्याची गरज आहे.

कुंकू भरणाऱ्या कारागिराशी आपला पत्रव्यवहार चालूच आहे. त्याहून जास्त चौकशी करू नये.

फोटोंचं म्हणाल तर ते इकडेतिकडे नातेवाइकांकडे आहेत. कोणाकडे कुठले, ते आता आठवत नाही.

मात्र एक नवीनच घोटाळा झालाय, त्यात आपलं नाव आलंय, म्हणून कळवते. आमचे हे हयात असताना भेटेल त्याला सांगायचे, 'आमची ही छायाचित्रकार आहे. रोज सराव करते. नागा नाही.' दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. सोळा फेब्रुवारीला मला पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या निवडक फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, असं सुरुचीने आणि इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने परस्पर ठरवलं. यांचे जुने विद्यार्थी येणार आहेत. कार्डं छापायला गेली. सुरुचीने विचारलं, 'आई, निगेटिव्ह कुठे आहेत?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'येरवड्याला, हिंमतरावांकडे.'

ती विचारायला येईल. आपण नुसतं 'हो' म्हणावं. एका अक्षराचं काम आहे.

आनंदी खांबेटे

ता. क. वाळण्याचे आठ दिवस कधी संपतात?


येरवडा
२५ जानेवारी २०२५

आनंदीबाई यांना जयभीम.

तिळगूळ चांगला होता. गोड बोलण्याचा प्रयत्न पुढच्या परिच्छेदापर्यंत टिकेल असं वाटत नाही.

मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. एका अक्षराच्या खोट्याला त्यात सवलत नाही. आपल्या सूनबाई आल्या, निगेटिव्ह मागितल्या. मी म्हणालो, 'याबद्दल सासूबाईंनाच विचारा.' त्या म्हणाल्या, 'किती जपता हो तुम्ही त्यांचं काम!' आणि खूश होऊन गेल्या. मी इतका गांगरलो की चहाचं विचारायला विसरलो. असा प्रसंग पुन्हा आणू नये.

आता खरं तेच लिहितो. मी कॅमेरा उघडला. 'मुळीच उघडू नका' असं लिहून दिलेलं यंत्र न उघडता परत करणारा कारागीर अजून जन्माला यायचाय. आत फिल्म ज्या रुळांवरून सरकते त्यांवर एक ओरखडा नाही. आरशासारखे आहेत. या कॅमेऱ्यात आजवर एकही रोल गेलेला नाही.

शिवाय एक दोष सापडला. रोल नसेल तर लिव्हर फिरू नये आणि बटण दाबलं जाऊ नये, अशी या कॅमेऱ्याची मूळ रचना. कोणीतरी आत पितळी पट्टी घालून ती बिघडवली होती. पट्टी काढून टाकली. आता कॅमेरा कारखान्यातून निघाला तसा झालाय. आकडे भरले, वाळले. छत्तीसचा सहा नवा कोरलाय, भिंगातून पाहा. सूनबाईंच्या हाती परत पाठवत आहे.

रिकामा कॅमेरा वीस लाख वेळा दाबणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही. उत्तर द्यायचं बंधन नाही. पण राहवत नाही म्हणून विचारतो. का?

हिंमतराव


कर्वेनगर
२७ जानेवारी २०२५

अहो हिंमतराव,

काय करून बसलात हे! लिव्हर जागची हलत नाही. कमीत कमी उघडण्याआधी चार ओळी लिहायच्या होत्यात. ज्या पट्टीवर माझा सगळा नेम चालला होता तीच उपटून ठेवलीत, वर म्हणता दोष काढला.

आता लपवण्यात अर्थ नाही. झाकली मूठ तुम्ही उघडलीच आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरून माळ आणली होती. आमचे हे देव मानत नसत. 'देव म्हणजे शून्याने भागाकार. करता येत नाही, म्हणून करू नये,' असं म्हणायचे. ओरडले असते तर मी भांडले असते. पण ते ओरडत नसत, समजावून सांगत. महिन्याभरात देव्हारा माळ्यावर गेला आणि माळ माझ्या ट्रंकेत. रामाचं नाव मात्र तोंडातून जाईना.

मग बाहत्तर साली त्यांनी हा कॅमेरा आणला. बाईला स्वतःचा छंद पाहिजे, हे त्यांचं मत. रोल महाग. म्हणाले, 'आधी सराव, मग रोल.' रोलशिवाय बटण दाबता यावं म्हणून पट्टी त्यांनीच बसवून घेतली. पहिल्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसून बटण दाबत होते आणि ती चकती एकेक घर पुढे जात होती. छत्तीसला थांबली. मी मनात म्हटलं, छत्तीस त्रिक एकशे आठ. पाढे त्यांनीच पाठ करून घेतले होते.

तेव्हापासून रोज सकाळी एक माळ. कॅमेरा तोंडासमोर धरला की हलणारे ओठ झाकतात आणि मिटलेले डोळेही. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच पुढ्यात बसून मी अठ्ठेचाळीस वर्षं जप केला. त्यांना काय अभिमान! दर दोन-तीन वर्षांनी पडदे बदलून आणायचे. 'फार सराव करते,' असं दुरुस्तीवाल्याला सांगायचे. दर दिवाळीला विचारायचे, 'आता रोल घालू या का?' मी म्हणायची, 'अजून हात बसला नाही.' चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आठवड्यातही अंथरुणातून विचारलं. तेव्हाही मी तेच सांगितलं.

माळ का घेत नाही, असं विचाराल. कॅमेरा तुमच्याकडे होता तेवढे दिवस घेतली. बोट हवेत बटण दाबत राहतं, मन लागत नाही.

माझी लाज गेली तर जाऊ दे. पंच्याऐंशीला लाजेचं काय लोणचं घालायचंय! पण सोळा तारखेला त्यांचे विद्यार्थी येणार. ज्या मास्तरांनी साऱ्या शाळेला 'पुरावा द्या' म्हणायला शिकवलं, त्यांच्या नाकासमोर त्यांची बायको रोज रामनाम घेत होती आणि त्यांना पत्ता नव्हता, हे कळलं की त्यांचं हसं होईल. ते मला सहन व्हायचं नाही.

पट्टी परत बसवा. आणि निगेटिव्हचं काहीतरी सुचवा.

आनंदी

ता. क. कुंकू मीच भरलं होतं. भेटायचं असेल तर या.


येरवडा
३१ जानेवारी २०२५

आनंदीबाई,

चूक माझी आहे. तेहेतीस वर्षांत मी एकही चुकीची तबकडी पुढे जाऊ दिली नाही, आणि आपला कॅमेरा मात्र बरोबर करून बिघडवला.

मी देव मानत नाही. सरांची गाठ पडती तर आमचं चांगलं जमलं असतं. पण कोणाचं चालू यंत्र बंद पाडणं वाईटच, त्याला देव असण्या-नसण्याची गरज नाही. वीस लाख वेळा बटण चाललं तो नामाचा महिमा, असं आपण पुढच्या पत्रात लिहाल. आधीच सांगतो, तो तेलाचा आणि सरांनी बदललेल्या पडद्यांचा महिमा आहे.

जुनी पट्टी मी भंगारात टाकली. नवी कापून, घासून, बसवून द्यायला तीन आठवडे लागतील. तोवर निदान एक दिवस तरी आपला नेम नीट व्हावा म्हणून सोबत तीन रोल पाठवतो. प्रत्येकी छत्तीस. रोल असला की लिव्हर फिरते. तीन रोल म्हणजे आपली एक माळ. रोल कसा भरायचा त्याचं चित्र काढून जोडलंय. खोलीतल्या उजेडाचा अंदाज सूनबाईंना विचारून घेतला होता, त्याप्रमाणे वेग लिहून दिलाय, तेवढा लावा आणि बाकी कशाला हात लावू नका. आपण लावणार नाही म्हणा.

झालेले रोल माझ्याकडे पाठवा. रोल न धुता फेकून देणं मला बघवत नाही.

निगेटिव्हबद्दल खोटं बोलणार नाही. ते तसंच आहे.

हिंमतराव

ता. क. प्रदर्शनाचं निमंत्रण आलं. कार्ड चांगलं जाड आहे. एका दुसऱ्या कॅमेऱ्याचा रंग त्यानेच पुसला.


कर्वेनगर
५ फेब्रुवारी २०२५

हिंमतराव,

जप झाला. पण असला जप वैऱ्यावरही येऊ नये. छत्तीस झाले की उठा, चष्मा बदला, तुमचं चित्र उलटं धरलंय हे ध्यानात येईपर्यंत थांबा, रोल भरा, परत डोळे मिटा. दुसऱ्या रोलच्या वेळी आमची मोलकरीण द्वारका केर काढायला आली आणि विचारते, 'आज्जी, आज खरंच फोटो काढताय?' म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं माहीत होतं. घरात शहाणी ती एकटीच निघाली.

एकशे आठ मात्र बरोबर भरले. तुमचा सहा सुरेख दिसतो.

रोल परत पाठवते. त्यांचं काय करायचं ते करा. मी सोळा तारखेला गुडघा दुखण्याचं ठरवलं आहे.

आनंदी


येरवडा
१२ फेब्रुवारी २०२५

आनंदीबाई,

गुडघ्याची गरज नाही.

रोल धुऊन आणले, प्रती काढल्या. सूनबाई काल पुन्हा आल्या. या वेळी चहा दिला. त्यांनी विचारलं, 'आईंनी काढलेले फोटो आहेत ना तुमच्याकडे?' मी म्हणालो, 'हो. एकशे आठ आहेत.' पाकीट त्यांच्या हातात दिलं. एक अक्षरही खोटं बोललो नाही. इतकं बरं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

फोटो मी पाहिले आहेत. आपण पाहिलेले नाहीत. म्हणून एवढंच सुचवतो की प्रदर्शनाला जावं.

हिंमतराव


कर्वेनगर
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय हिंमतराव,
जयभीम आणि नमस्कार.

तुम्ही परवा शेवटच्या रांगेत उभे होतात, मी पाहिलं. बोलायच्या आत निघून गेलात. म्हणून लिहिते.

एकशे आठ चौकटी, आणि प्रत्येकीत एकच खुर्ची. यांची वेताची खुर्ची, रिकामी. मी दारातच सुरुचीचा हात घट्ट धरला. म्हटलं, आता लोक हसणार. पण कोणी हसेना. सगळे चपला काढून आत गेल्यासारखे हळू चालत होते. सतरा ते एकवीस या फोटोंत खुर्ची तिरकी आहे, कारण माझा हात दुखत होता. बावन्न नंबरात द्वारकेचा झाडू आहे. त्र्याऐंशी ते सत्त्याऐंशीमध्ये माझा अंगठा. प्रमुख पाहुण्या शर्मिलाताई कुठल्याशा कॉलेजात चित्रकला शिकवतात. त्यांनी अंगठ्यासमोर उभं राहून 'इथे कलावंत स्वतः दुःखाच्या मध्ये येतो' असं सांगितलं आणि चार जणांनी ते वहीत लिहून घेतलं. यांचे विद्यार्थी, सत्तरीचे बाप्ये, रुमाल काढून रडत होते.

मला ते सोसेना. फुकटचं कौतुक अंगावर येतं. मी माइक मागून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, यातला एकही फोटो मी बघून काढलेला नाही. माझे डोळे मिटलेले होते. मी जप करत होते. पन्नास वर्षं जपच करत आले, आणि हे तुमच्या मास्तरांना माहीत नव्हतं. यांचं हसं होईल म्हणून जीव मुठीत धरून बोलत होते.

टाळ्या थांबेनात. उठून उभे राहून वाजवल्या सगळ्यांनी. कोणालाही खरं वाटलं नाही, हिंमतराव! त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी खोल बोलतेय. काल ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'छायाचित्रण हाच माझा जप. आनंदीताई खांबेटे.' पुण्यात खरं बोलण्याची ही गत. सगळ्या हॉलमध्ये टाळ्या न वाजवणारे तुम्ही एकटेच होतात, त्याबद्दल आभार.

यांची लाज राहिली. मी हलकी व्हायला हवी होते.

काल सुरुची चौकटी भिंतीवरून उतरवत होती. मी विचारलं, 'सगळे या खुर्चीपुढे का गं रडत होते?' ती म्हणाली, 'बाबा असते तर फोटोंत काय छान आले असते! सकाळी किती तयारीने बसायचे.' मी म्हटलं, 'कसली तयारी?' ती हसली. म्हणाली, 'आई, तुमच्यासाठीच तर. आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. पेपर मांडीवर, मान ताठ. मी चहा घेऊन गेले तर डोळ्यांनीच नको म्हणायचे. एकदा मला म्हणाले, मी हललो तर तिचा हात बसायचा नाही.'

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक की एकशे आठ झाले की मी कॅमेरा खाली ठेवायची, आणि हे विचारायचे, 'झालं?' मी म्हणायची, 'झालं,' आणि चहा टाकायला उठायची. मला वाटायचं, त्यांना चहाची तल्लफ आली. ते मान हलवायची परवानगी मागत होते.

पट्टी घाईने बसवू नका. दुपारपासून मी त्या खुर्चीसमोर बसले आहे, डोळे उघडे ठेवून. त्यांच्यादेखत केलेले जप मोजले, आजारपण आणि बाहेरगाव वजा जाता अठरा लाख होतात. अठरा लाख वेळा तो माणूस माझ्यासमोर श्वास रोखून बसला होता, हिंमतराव, आणि मी एकदाही बघितलं नाही.

तुमची,
आनंदी